सेल बदलणं सोपं करायचं असेल तर कप्पा आधी आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. औषधाची वेळ झाली की वाजणारं एक छोटं घरगुती यंत्र तयार होतंय, तीन एए सेलवर चालणारं. वापरणारे बहुतेक जण वयस्कर. नमुना लोकांच्या हातात दिल्यावर तीन तक्रारी आल्या: झाकण उघडत नाही, सेल उलटे घातले जातात आणि थोड्याच उघडझापीत झाकणाचा खटका तुटतो. कप्प्यात काय बदलावं, की सेलचा नाद सोडून आत चार्ज होणारी बॅटरीच बसवावी?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: सेलच ठेवा. कारण पुढे येईलच. तीनही तक्रारींवर उपाय आहेत आणि त्यांतला एकही फार खर्चिक नाही, फक्त ते प्लास्टिकच्या बॉडीचा साचा बनण्याआधी करावे लागतात. साचा बनल्यावर मग झाकणावर बाणाचं स्टिकर चिकटवणं एवढंच हातात उरतं, आणि स्टिकर वाचून कुणाचं झाकण उघडलेलं मी पाहिलेलं नाही.

मी बरीच वर्षं अशा छोट्या उपकरणांच्या प्लास्टिक बॉडी आखतो. बहुतेक ठिकाणी कप्प्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. बोर्ड बसला, स्पीकर बसला, डिस्प्ले बसला, आता उरलेल्या जागेत सेल बसवा. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यंत्राला हात लावायचे प्रसंग दोनच: रोज बटण दाबणं आणि अधूनमधून सेल बदलणं. दुसरं जमलं नाही तर पहिल्याला अर्थ उरत नाही. औषधाची आठवण करून देणारं यंत्र सेल बदलता येईनात म्हणून खणात पडलं, तर ते आणि बिघडलेलं यंत्र यांत काहीच फरक नाही.

कप्पा उघडणारा माणूस तो काही महिन्यांनी एकदा उघडतो. मागच्या वेळी कसा उघडला होता हे त्याला आठवत नसतं, म्हणजे त्याच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच. यंत्र टुकटुक करतंय, चष्मा दुसऱ्या खोलीत आहे, उजेड बेताचा आहे, माहितीपुस्तिका कधीच हरवली आहे. हा माणूस डोळ्यांसमोर ठेवून कप्पा आखा. तुमच्या कार्यालयातल्या तरुण इंजिनिअरला तीन सेकंदांत झाकण उघडता आलं, यावरून काहीच ठरत नाही.

झाकणापासून सुरुवात करू. रिमोटला असतं तसं दाबून सरकवायचं झाकण साच्याला सोपं, म्हणून सगळीकडे दिसतं. पण ते अंगठ्याला एकाच वेळी दोन कामं सांगतं: खाली दाब, आणि तो दाब तसाच ठेवून पुढे ढकल. सांधे दुखणाऱ्या बोटांना नेमकं हेच जमत नाही. जोरात दाबलं की झाकण खाचेत आणखी रुतून बसतं, हळू दाबलं की अंगठा घसरतो. पकडीसाठी दिलेल्या आडव्या रेघा बहुतेक वेळा नावालाच उठलेल्या असतात. सरकतं झाकण ठेवायचंच असेल तर अंगठ्याचं पेर बसेल एवढा खोलगट भाग द्या आणि त्याच्या पुढच्या टोकाला उभी कड ठेवा. मग दाबावं लागत नाही, नुसतं ढकललं की झालं.

माझी पहिली पसंती मात्र बिजागरीच्या झाकणाला. ते सुटं होत नाही, हरवत नाही, उलटं बसत नाही आणि दोन्ही हात सेलसाठी मोकळे राहतात. खटक्याची ओठासारखी कड बोट सहज अडकेल एवढी रुंद ठेवा. नखाने उचकटावं लागणारी बारीक फट देऊ नका; वयाबरोबर नखं ठिसूळ होतात आणि लोक चमच्याचा दांडा किंवा कात्रीचं टोक घालतात. बिजागरी बसतच नसेल तर झाकण एका मऊ प्लास्टिकच्या पट्टीने बॉडीला बांधून ठेवा. सुटं झाकण हरवलेली आणि चिकटपट्टी लावून चालवलेली उपकरणं जगभर घरोघरी आहेत. तो दोष वापरणाऱ्यांचा नाही.

आणखी एक गोष्ट आराखड्यावर दिसत नाही, हातात धरल्यावरच कळते. कप्पा मागे असतो, म्हणजे उघडताना यंत्र पालथं करून घट्ट धरावं लागतं. त्या वेळी बोटं कुठे येतात? समोरच्या बटणांवर. झाकणाशी झटापट चालू असताना नकळत गजर बदलला जातो किंवा पुसला जातो. म्हणून बटणं पृष्ठभागापेक्षा किंचित खाली ठेवा आणि दोन्ही कडांना धरायला मोकळी जागा सोडा. टेबलावर पालथं ठेवल्यावर यंत्र डुगडुगायलाही नको, कारण बरेच जण एका हाताने यंत्र टेबलावर दाबून दुसऱ्या हाताने झाकण उघडतात.

आता खटका. तो तुटतो तेव्हा पहिला विचार मनात येतो की तो जाड करू. तिथेच गाडं चुकतं. खटक्याच्या वाकणाऱ्या जिभेच्या, म्हणजे दाबल्यावर लवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, मुळाशी येणारा ताण जाडीबरोबर वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तेवढंच वाकवायचं असताना जीभ दुप्पट लांब केली की मुळाशी पडणारा ताण एक चतुर्थांशावर येतो. उलट जाड केली की वाढतो, शिवाय उघडायला जोरही जास्त लागतो. म्हणजे लांब आणि जरा बारीक जीभ वयस्कर हातांनाही सोपी आणि टिकायलाही चांगली. जागा नसेल तर जीभ यू आकारात वळवून लांबी मिळवा. मुळाशी काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. चीर नेहमी त्या कोपऱ्यातूनच सुरू होते. जीभ गरजेपेक्षा जास्त वाकू नये म्हणून तिच्या मागे एक अडसर ठेवा. सतत वाकणाऱ्या भागाला एबीएस या नेहमीच्या कडक प्लास्टिकपेक्षा पॉलिप्रोपिलीन किंवा ॲसिटल ही प्लास्टिकं बरी. आणि वाकणारी जीभ झाकणावर ठेवा, बॉडीवर फक्त खाच. तुटलीच तर झाकण बदलता येतं, अख्खं यंत्र टाकावं लागत नाही.

झाकणावर स्प्रिंगचा भार टाकू नका, हेही इथेच सांगतो. काही टॉर्च आणि जुने छोटे कॅमेरे यांत सेल उभे आत सरकतात आणि झाकणावरच्याच पट्टीने सर्किट पूर्ण होतं. मग झाकण लावताना एका हाताने स्प्रिंगा दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने खटका जुळवायचा, असा व्यायाम होतो. वर तो खटका दिवसरात्र ताणाखाली राहतो आणि एक दिवस तुटतो. तुमच्या यंत्रात सेल आडवे बसू द्या, स्प्रिंगचा दाब कप्प्याच्या दोन भिंतींमध्येच मिटू द्या. झाकणाकडे फक्त झाकण्याचं काम ठेवा.

आता उलटे सेल. तुमच्या आराखड्यात तीन सेल एकाआड एक उलटसुलट आहेत, बहुतेक उपकरणांत असतात तसेच. ही मांडणी विजेच्या सोयीची आहे: शेजारशेजारच्या दोन टोकांना एक आखूड पट्टी जोडली की सेल ओळीने जोडले जातात. तिन्ही सेलची तोंडं एकाच बाजूला ठेवायची तर प्रत्येक जोडीसाठी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पट्टी न्यावी लागते. एवढ्या दोन पट्ट्या वाचवण्यासाठी वापरणाऱ्याला दर वेळी प्रत्येक सेलचा वेगळा विचार करायला लावला जातो. मी तुमच्या जागी असतो तर पट्ट्यांचा खर्च सोसला असता. सगळ्या सेलची टोपी, म्हणजे धन टोकावरचा उंचवटा, एकाच बाजूला, एवढा एकच नियम अंधारातही पाळता येतो. पट्ट्या कप्प्याच्या तळाखालून, प्लास्टिकच्या पलीकडून न्या, सेलला कुठेही टेकू देऊ नका.

उलटसुलट मांडणी ठेवणं भाग असेल तर निदान खुणा नीट करा. बहुतेक कप्प्यांत अधिक-वजाच्या खुणा तळाशी, काळ्या प्लास्टिकवर काळ्याच उठावात असतात. आधी त्या दिसत नाहीत आणि सेल ठेवला की झाकल्या जातात. खुणा बाजूच्या भिंतीच्या वरच्या कडेवर आणा, म्हणजे सेल बसल्यानंतरही पडताळा घेता येईल. नुसत्या अधिक-वजापेक्षा टोपीसकट सेलची पूर्ण आकृती काढा. ती सगळ्यांना कळते. उठाव बोटाला लागेल इतका ठळक हवा, कारण ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांनाही सेल बदलायचे असतात. कप्प्याचा आतला भाग फिक्या रंगाचा करा. या एका बदलाने उजेडाची अर्धी अडचण सुटते. कागदी स्टिकर टाळा, पहिल्या गळतीतच ते जातं. सेलचा आकारही आतच लिहा, एए आणि एलआर६ अशी दोन्ही नावं.

पण खूण म्हणजे विनंती. माणूस घाईत असला की ती मोडली जाते. उलटा घातलेला सेल सर्किटला टेकूच नये, अशी सोय करणं हे खरं काम. एए सेलची टोपी प्रमाण मापांनुसार निदान १ मिलिमीटर उंच आणि जास्तीत जास्त ५.५ मिलिमीटर रुंद असते, तर दुसरं टोक चपटं आणि रुंद. धन बाजूची धातूची पट्टी प्लास्टिकच्या दोन उंचवट्यांच्या मधे, किंचित आत बसवा. टोपी त्या फटीत शिरून पट्टीला टेकते. चपटं टोक उंचवट्यांवरच अडतं. सेल उलटा गेला तर यंत्र नुसतं सुरू होत नाही, नुकसान काही नाही. इथे एक खोच आहे. काही रिचार्जेबल सेलची टोपी बुटकी असते आणि काही सेलचं वेष्टन टोपीकडच्या कडेला जाड असतं. उंचवटे फार उंच केले तर हे सेल सरळ घातले तरी टेकत नाहीत आणि वापरणारा चांगले सेल फेकून देतो. म्हणून पट्टी पाव ते अर्धा मिलिमीटरच आत ठेवा आणि बाजारातले मिळतील तेवढ्या निरनिराळ्या मेकचे सेल घालून बघा.

हे उंचवटे का महत्त्वाचे, ते जरा समजून घेण्यासारखं आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाले मित्र म्हणतील की उलट्या सेलपासून बोर्डवर संरक्षण आहेच. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा साधा डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो, शॉटकी जातीचा डायोड त्याहून कमी, आणि पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर, लावला तर जवळपास काहीच नाही. सेलवरच्या यंत्रात मॉसफेटच लावावा. पण हे सगळं संरक्षण बोर्डाचं आहे, सेलचं नाही. तिनातला एकच सेल उलटा बसला तर एकूण दिशा सरळच राहते, व्होल्टेज फक्त घटतं, आणि मॉसफेटला काही वावगं वाटत नाही. त्या वेळी दोन सरळ सेल तिसऱ्या उलट्या सेलमधून प्रवाह ढकलतात, म्हणजे त्याला चार्ज करू पाहतात. साधा अल्कलाइन सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो. त्यात वायू तयार होतो, दाब वाढतो आणि सेल गळतो, क्वचित फुटतोही. चार सेलच्या टॉर्चमध्ये एक उलटा गेला तर मंद का होईना उजेड पडतो, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. या एका उलट्या सेलपासून वाचवतं ते फक्त प्लास्टिक.

सेल कसाही घातला तरी चालावा, अशी रचनाही शक्य आहे. मायक्रोसॉफ्टने २०१० साली इन्स्टालोड नावाने ती जाहीर केली होती: कप्प्याच्या प्रत्येक टोकाला दोन संपर्क, मधला किंचित आत, टोपीसाठी, आणि बाहेरचा चपट्या टोकासाठी. टोपी आली की मधला टेकतो, चपटं टोक आलं की बाहेरचा. कल्पना सुंदर आहे, दृष्टिहीनांसाठी तर फारच. तुमच्या यंत्राला ती लागेलच असं नाही, पण तिचा अभ्यास जरूर करा.

चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीबद्दलही एक सूचना, कारण तिथे लोक गाफील राहतात. तिची दोन बटणं वेगवेगळ्या आकाराची असल्याने उलटी बसूच शकत नाही, असं मानलं जातं. बसत नाही हे खरं, पण बसवण्याच्या धडपडीत ती क्षणभर उलटी टेकते, आणि तेवढा क्षण एखाद्या चिपला पुरतो. तिथे बोर्डवरचं संरक्षण हवंच.

सेल आत घालण्यापेक्षा बाहेर काढणं जास्त त्रासाचं असतं, आणि त्याचा विचार सगळ्यात कमी होतो. खोल, चारही बाजूंनी बंद कप्प्यात सेल घट्ट बसले की लोक यंत्र तळहातावर आपटतात किंवा पेनाने उचकटतात. सेलखालून फीत घालून ती ओढून सेल काढण्याचा उपाय जुना आहे, पण सेल घालताना फीत खाली घ्यायची राहिली की संपलं, आणि ती झाकणात अडकते ती वेगळीच. त्यापेक्षा कप्प्याच्या लांब भिंती सेलच्या निम्म्या उंचीवरच थांबवा. एएचा व्यास जास्तीत जास्त १४.५ मिलिमीटर असतो, त्यामुळे वरचा सात मिलिमीटर भाग बोटांना मिळतो. टोपीकडच्या बाजूला तळात एक खळगा द्या. सेल स्प्रिंगकडे दाबला आणि खळग्यात बोट घातलं की तो स्वतःच वर येतो. मधल्या सेलला दोन्हीकडून शेजारी असतात, त्याला हा खळगा सगळ्यात जास्त लागतो.

स्प्रिंगबद्दल लोक निष्काळजी असतात, म्हणून थोडं विस्ताराने. प्रमाण मापांत एए सेलची लांबी ४९.२ ते ५०.५ मिलिमीटरपर्यंत चालते. म्हणजे सेल-सेलमध्येच १.३ मिलिमीटरचा फरक, वर तुमच्या प्लास्टिकचा फरक वेगळा. सगळ्यात आखूड सेलवर पुरेसा दाब राहिला पाहिजे आणि सगळ्यात लांब सेल म्हाताऱ्या बोटांनी दाबून बसवता आला पाहिजे. नुसत्या पत्र्याच्या वाकवलेल्या पट्टीला हे झेपत नाही, एकदा जास्त दाबली गेली की ती तशीच बसते. शंकूच्या आकाराची तारेची स्प्रिंग घ्या. तिचे वेढे एकात एक बसून ती जवळजवळ सपाट होते आणि कमी जागेत जास्त अंतर देते.

तारेचं मोकळं टोक मात्र आत वळवलेलं असू द्या. अल्कलाइन सेलचं अख्खं बाहेरचं डबडं धन असतं, ऋण फक्त खालची चकती. मधे असते एक पातळ प्लास्टिकची कडी आणि वरचं वेष्टन. रुंद स्प्रिंगचं टोकदार टोक सेल घालताना वेष्टनाच्या कडेवर खरडलं आणि वेष्टन फाटलं, तर ऋण चकती आणि धन डबडं स्प्रिंगनेच जोडले जातात. सेल तापतो, आणि कारण कुणालाच कळत नाही. म्हणून स्प्रिंगचा सेलकडचा वेढा लहान ठेवा, मध्यभागी टेकणारा.

गळती होणारच, हे धरून चाला. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी पूड होते, आणि ओलावा तारेच्या आवरणाखालून थेट बोर्डापर्यंत सरकतो. कप्पा आणि बोर्ड यांच्यामध्ये अखंड भिंत ठेवा, पट्ट्या भिंतीतून जातात ती भोकं घट्ट ठेवा, आणि बोर्ड कप्प्याच्या खाली येईल अशी मांडणी टाळा. संपर्कांच्या पट्ट्या कापसाच्या काडीने पुसता येतील इतक्या उघड्यावर असाव्यात. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावलेल्या काडीने ही पूड निघते, नंतर ओल्या काडीने पुसून पूर्ण कोरडं करायचं, हे पुस्तिकेत लिहा. हातमोजे घालायलाही सांगा. ताजी गळती त्वचेला भाजते.

सेल काढले की वेळ आणि गजर पुसले जातात का? तसं होत असेल तर तुमच्या यंत्रात हा सगळ्यात मोठा दोष आहे, झाकणापेक्षाही. वयस्कर माणसाने कसेबसे सेल बदलले आणि पडद्यावर शून्य-शून्य लुकलुकायला लागलं, की सगळे गजर मुलाने किंवा शेजाऱ्याने येऊन पुन्हा लावेपर्यंत यंत्र बंदच. गजर वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत ठेवा. वेळेसाठी घड्याळाच्या चिपला एक छोटा सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, द्या. चिपला साधारण १ मायक्रोअँपिअर लागत असेल तर ०.१ फॅराडचा कपॅसिटर ३ व्होल्टवरून २ व्होल्टपर्यंत उतरताना हिशेबाने एक लाख सेकंद, म्हणजे सत्तावीस तासांहून जास्त चालतो. त्याची स्वतःची गळती वजा केली तरी सेल बदलायला कुणालाही पुरेल एवढा वेळ मिळतो. फक्त तो कपॅसिटर बाकी बोर्ड चालवत बसणार नाही, हे बघा.

सेल संपल्याची सूचनाही इथेच येते. अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टच्या थोडा वर असतो आणि हळूहळू उतरतो. निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल बराच काळ १.२ व्होल्टच्या आसपास राहतो. यंत्र दर सेलमागे १.२ व्होल्टलाच टुकटुक करू लागलं तर भरलेले रिचार्जेबल सेलही संपल्यासारखे दिसतात आणि अल्कलाइन सेल बरीच ऊर्जा शिल्लक असताना फेकले जातात. सर्किट सेलमागे ०.९ ते १ व्होल्टपर्यंत चालेल असं करा. सूचना काही दिवस आधी द्या, दिवसा द्या, आणि ती औषधाच्या गजरापेक्षा वेगळी ऐकू येईल असं बघा.

नाण्यासारख्या सेलबद्दल लिहितो, कारण यंत्र पातळ करण्यासाठी कुणीतरी सीआर२०३२ सुचवणारच. हा सेल २० मिलिमीटर रुंद असतो आणि लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकतो. ओल्या त्वचेतून प्रवाह वाहून ऋण बाजूपाशी अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं असतं. म्हणून अशा सेलचा कप्पा मुलांना उघडता येऊ नये, असे नियम झाले आहेत. ऑस्ट्रेलियात ते जून २०२२ पासून सक्तीचे आहेत, अमेरिकेत रीझ कायद्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये सही झाली आणि त्याखाली यूएल ४२००ए हे मानक लागू झालं. गाभा असा: कप्पा उघडायला स्क्रूड्रायव्हर किंवा नाण्यासारखं साधन लागावं, किंवा हाताच्या दोन स्वतंत्र हालचाली एकाच वेळी कराव्या लागाव्यात.

इथे तुमच्यापुढे पेच उभा राहतो. एकाच वेळी दोन हालचाली मुलाला अवघड, तशाच संधिवाताच्या हातालाही. बारीक स्क्रू तर थरथरत्या हातातून निसटतो आणि सापडत नाही. नाण्यासारखा सेल घ्यावाच लागला तर नाणं घालून पाव वळसा फिरवायचं रुंद झाकण मला सगळ्यात बरं वाटतं. स्क्रू असेल तर तो झाकणातून न निघणारा, मोठ्या डोक्याचा, आणि खाली पितळी आटे बसवलेला असावा, कारण प्लास्टिकमध्ये थेट बसणारा स्क्रू थोड्याच वेळा उघडल्यावर फिरतच राहतो. तुमच्या यंत्राला मात्र एए पुरतात. घरात नातवंडं येत-जात असतात. हा धोका आणूच नका.

नाण्यासारख्या सेलच्या संपर्कांबाबतही दक्षता लागते. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही उत्पादक या सेलवर कडू लेप देतात. ॲपलने त्यांच्या एअरटॅग या वस्तू शोधायच्या बिल्ल्याबद्दल स्वतःच सांगितलं आहे की असा लेप असलेले सीआर२०३२ सेल त्यात चालतीलच असं नाही. संपर्क नेमके लेपावर टेकले की वीज पोचत नाही. सुरक्षित सेल घेणाऱ्यालाच यंत्र बंद मिळावं, असं होऊ देऊ नका. संपर्क दोन-तीन ठिकाणी टेकवा.

छोट्या सेलचा उत्तम कप्पा बघायचा असेल तर श्रवणयंत्र हातात घ्या. सेलची चार मापं चार रंगांनी ओळखली जातात: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. कुठल्याही मेकचा सेल घ्या, रंग तोच. कप्प्याचं दार हाच सेलचा पाळणा असतो: दार बाहेर फिरवलं की सेल त्याच्यासोबत बाहेर येतो, उलटा ठेवला तर दार नीट मिटत नाही, आणि दार उघडलं की यंत्र बंद होतं, वेगळं बटण लागत नाही. एका हालचालीत तीन कामं. दार जोर लावून मिटवू नये, हे शिकवावं लागतं, एवढीच त्यातली उणीव. धूर-सूचकांपैकी काहींतही अशीच सोय असते, बॅटरी नसेल तर झाकण मिटतच नाही.

आता चार्ज होणाऱ्या बॅटरीचा मुद्दा. फोनला ती ठीक, कारण फोन रोज चार्जिंगला लागतोच. तुमच्या यंत्राला महिनोन्महिने सेल पुरतात, म्हणजे चार्ज करायची सवय लागणार नाही, केबल सापडणार नाही आणि यंत्र चार्जिंगला असताना नेहमीच्या जागी नसेल. काही वर्षांनी आतली बॅटरी थकली की अख्खं यंत्र जातं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांतली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, त्यामुळे चिकटवलेल्या बॅटरीचा मार्ग तसाही अरुंद होतो आहे. ज्यांना चार्ज करणं आवडतं ते रिचार्जेबल एए घालतील. त्यांच्यासाठी टोपीच्या उंचवट्यांची आणि ०.९ व्होल्टची काळजी घेतली की झालं.

साचा पक्का करण्याआधी नमुना थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्या आणि सत्तरीच्या पुढच्या काही जणांना द्या. काही सांगू नका, फक्त म्हणा की सेल संपलेत, नवे इथे आहेत. मदत करायला हात पुढे करू नका. बोट आधी कुठे जातं ते बघा, कारण खटका तिथेच असायला हवा. एकदा चष्म्याशिवाय, एकदा जाड हातमोजे घालून करायला सांगा. हातमोज्याने बोटांची संवेदना कमी होते आणि तरुण माणसालाही कल्पना येते. मुद्दाम एक सेल उलटा घालून यंत्र रात्रभर ठेवा आणि सकाळी सेल तापलाय का, गळलाय का ते तपासा. मग सेल आत असताना यंत्र टेबलाच्या उंचीवरून कडक फरशीवर सगळ्या बाजूंनी पाडा. एक अल्कलाइन एए साधारण २३ ग्रॅमचा, तीन मिळून सत्तरच्या आसपास, आणि ते सगळं वजन आतून झाकणावर आदळतं. झाकण उघडून सेल उडाले तर जिभेमागचा अडसर जवळ आणा. झाकण टिकलं पण वेळ पुसली गेली, तर स्प्रिंगचा दाब कमी आहे किंवा कपॅसिटर घड्याळापर्यंत पोचत नाहीये.